फेरी झाली, पण डोकं रिकामंच

बंगळूरच्या हेब्बाळ फ्लायओव्हरच्या आसपासच्या उंच इमारतींत राहणाऱ्या मराठी घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : "दोन्ही वेळा फिरवतो, खायला चांगलं देतो, तरी दुपारी सोफा कुरतडतोच." घरातली माणसं दिवसभर मान्यता टेक पार्कात आणि कुत्रं बंद फ्लॅटमध्ये एकटं. त्याला दिवसभर करायला काहीच नसतं, आणि बहुतेक वेळा सोफ्याचं कारण तेच असतं.

"आणखी पळवा, दमला की शांत होईल," हा सल्ला सर्रास दिला जातो. रोजचं अंतर वाढवलं की त्याचा दमही वाढतो. पंधरा दिवसांनी तेवढंच पळून तो ताजातवाना घरी येतो. पायांऐवजी डोक्याला काम द्यायला हवं, आणि कुत्र्याचं जग नाकावर चालतं. वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात सुमारे ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १२ ते ३० कोटी. शार्लोट ड्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली २० पाळीव कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना दोन आठवडे हुंगून खाऊ शोधायला लावलं, उरलेल्यांकडून मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव करून घेतला. मग अशा जागी वाडगं ठेवलं, की त्यात खाऊ आहे की नाही याचा अंदाज येऊ नये. हुंगण्याचा खेळ खेळलेली कुत्री त्या वाडग्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेली. दुसऱ्या गटात फरक पडला नाही. म्हणजे नाकाला काम मिळालेली कुत्री जास्त आशावादी झाली होती. म्हणून फेरीत तो खांबापाशी रेंगाळला तर पट्टा ओढू नका. फेरी त्याची आहे.

महागडी खेळणी हवीत, हाही भ्रमच. घरातली इडलीपात्राची एक थाळी घ्या, खळग्यांत त्याच्या जेवणातलेच चार-चार दाणे टाका आणि प्रत्येक खळग्यावर टेनिसचा चेंडू ठेवा. पहिल्या दिवशी तो थाळीच उलटी करेल. करू द्या. दोन-तीन दिवसांत नाकाने चेंडू ढकलायचं तंत्र त्याला उमगतं. जुन्या टॉवेलच्या घडीत पोळीचे तुकडे गुंडाळले तरी चालतं. तुकडे रोजच्या जेवणातून वजा करा, नाहीतर वजन वाढेल. मनुके, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा मात्र खेळातही नको. ते कुत्र्याला विषारी आहेत.

"रस्सीखेच खेळलात की तो डोक्यावर बसेल," हा समज फार चिवट आहे. निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हरांना काही वेळा रस्सीखेच जिंकू दिली, काही वेळा हरवलं. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जिंकल्यामुळे कुत्री मालकावर वरचढ झाली नाहीत. "सोड" म्हटल्यावर सोडायला शिकवा आणि बिनधास्त खेळा.

खेळ फक्त विलायती जातींना लागतो असं नाही. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी जोपासलेला मुधोळ हाउंड आपल्याकडे कारवान म्हणून ओळखला जातो. २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं. तो डोळ्याने शिकार हेरणारा. त्याला काठीला दोरीने बांधलेली चिंधी जमिनीवरून पळवून दाखवा, मग बघा. रस्त्यावरून आणलेलं गावठी पिल्लू तर शोधाशोधीत पटाईत असतं. लेझरच्या ठिपक्यामागे मात्र कुणालाच पळवू नका. तो ठिपका कधीच हाती लागत नाही, आणि काही कुत्र्यांना पुढे सावल्यांमागे धावायचा नाद लागतो.

"आता म्हातारा झाला, काय खेळणार?" हेही चूक. उतारवयातल्या बीगल कुत्र्यांवरच्या २००५ सालच्या कॅनेडियन अभ्यासात पोषक आहार, व्यायाम, सोबत आणि डोक्याला काम मिळालेली कुत्री नवं शिकण्यात इतरांपेक्षा सरस ठरली.

कुत्रं अचानक खेळायचं थांबलं, खाणं कमी झालं किंवा एकदम चिडकं झालं, तर मात्र कंटाळा समजून नवा खेळ शोधत बसू नका. ते दुखण्याचं लक्षण असू शकतं. १९५८ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय हेब्बाळमध्येच आहे. आधी डॉक्टरांना दाखवा.