पोकलेन मंद कोणामुळे?
सोनपेठ भागातल्या काळ्या दगडाच्या एका खाणीत रात्री ट्रिपा कमी भरत. मालक म्हणे, ऑपरेटर झोपतो, मजुरी कापा. मला ते पटेना. बकेटची एक फेरी 30 सेकंदांची धरली, तर तासाला 120 बकेट होतात. पण सुरुंगातून दगड मोठे निघाले की बकेट अर्धीच भरते, टिप्पर नसेल तर यंत्र उभेच. ही सारी कारणे पाळीवार वहीत मांडली. संख्याशास्त्रातले रिग्रेशन प्रत्येकाचा वाटा वेगळा काढते. मात्र रात्री टिप्पर नेहमीच कमी असतील, तर रात्र आणि टिप्पर यांची गाठ गणितालाही सुटत नाही. म्हणून चार रात्री पुरेसे टिप्पर मागून घेतले. ट्रिपा दिवसाइतक्याच भरल्या, ऑपरेटरही तोच होता.