'कोंबडीखाऊ' ससाणा

डोडो सतराव्या शतकातच नामशेष झाला. मुलांना त्याचे चित्रच दाखवता येते. आपल्या बेटाचा छोटा ससाणा मात्र अजून आहे, आणि जगात दुसरीकडे कोठेही नाही. पूर्वी त्याला 'मांझेर द पूल', म्हणजे कोंबड्या खाणारा, म्हणत आणि गोळ्या घालीत. बिचाऱ्याचे मुख्य खाद्य झाडांवरच्या हिरव्या पाली! १९७४ साली रानात अवघे चार ससाणे माहीत होते. पुढे कार्ल जोन्स व सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिले वाढवून रानात सोडली, म्हणून तो वाचला.

ब्लॅक रिव्हरच्या डोंगरांत मुलांना तो पाहायला अवश्य न्यावे. पण आमच्या मते सुरुवात घरच्या अंगणातच करावी. केळीवर हिरवी पाल दिसली, की (आजीबाईंनी केरसुणी क्षणभर बाजूस ठेवावी!) मुलाला शांत बसून ती काय खाते ते पाहू द्यावे.