जुना पत्ता मोडायचा नाही

मुंबईच्या उपनगरातलं दिंडोशी मेट्रो स्टेशन एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालं तेव्हा ‘मेट्रो ७’ आरे ते दहिसर पूर्व एवढीच धावत होती. गुंदवलीपर्यंतचा टप्पा जानेवारी २०२३ मध्ये जोडला गेला. दिंडोशीकरांचं स्टेशन मात्र आहे तिथंच राहिलं. वेब एपीआयची, म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याकडे माहिती मागण्याच्या ठरलेल्या पत्त्यांची, फेररचना आखताना नेमकं हेच जपावं लागतं.

उपनगरातलंच, विद्याविहारचं उदाहरण घ्या. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’, म्हणजे वेब सॉफ्टवेअर उभारण्याचा पाया, मुक्तस्रोत आहे. व्यवसायाचा कारभार सांभाळणारं ‘ईआरपीनेक्स्ट’ त्यावरच उभं आहे. फ्रेमवर्कच्या २०२३ मधल्या पंधराव्या आवृत्तीत एपीआयची दुसरी आवृत्ती आली. जुन्या रीतीत नोंद मागितली तर उत्तर ‘डेटा’ या नावाखाली येई, फंक्शन चालवलं तर ‘मेसेज’ नावाखाली. एकाच घराला दोन पाट्या! नव्या रीतीत दोन्हीकडे ‘डेटा’. पत्त्यात ‘व्ही२’ आलं, जुने पत्ते चालूच राहिले.

ते बंद का केले नाहीत? मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कोणीही उतरवून आपल्या सर्व्हरवर चालवू शकतो. जुन्या पत्त्यावर कोण विसंबून आहे, हे फ्रेमवर्कच्या टीमला पुरतं कळूच शकत नाही. कंपनीच्या आतलं काम असतं तर चार फोन करून भागलं असतं.

फ्रेमवर्कचा कोड एमआयटी परवान्याखाली गिटहबवर खुला आहे. जिज्ञासूंनी दोन्ही आवृत्त्यांच्या फाइली शेजारी ठेवून वाचाव्यात.