पत्त्यांची विद्या : लेखांक सातवा
कॅट कोणता घ्यावा?

प्रेक्षकाने आपल्याला हवा तोच पत्ता उचलावा, आणि तरीही तो आपण स्वखुशीने निवडला अशी त्याची पक्की खात्री व्हावी, हे कसे साधते ते आज सांगण्याचा माझा मनसुबा होता. परंतु तो विषय पुढील आठवड्यापर्यंत तहकूब ठेवणे भाग आहे. अमरावतीकडील एका वाचकभगिनींचे पत्र आले असून त्यातील प्रश्न इतका मुळाचा आहे की त्याचा निकाल लावल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. त्यांचे चिरंजीव महाविद्यालयात शिकतात आणि घरातल्या रमीच्या कॅटावर दोन पत्ते एक म्हणून उचलण्याचा सराव नेमाने करतात. पण कधी दोनांऐवजी तीन येतात, कधी एकच येतो, आणि पत्ते टेबलावर ओळीने पसरू गेले तर जागोजागी पुंजके होऊन राहतात. हा दोष हाताचा की पत्त्यांचा, आणि पत्त्यांचा असल्यास बाजारातला ‘जादूचा कॅट’ आणून द्यावा काय, असे त्या विचारतात.

जादूचा कॅट आणू नये, हे प्रथम सांगून टाकतो. जत्रेत किंवा बागेच्या फाटकाशी जो कॅट या नावाने विकला जातो, त्यात बहुधा २६ पत्ते निरनिराळे असतात आणि उरलेले २६ एकाच जातीचे, समजा सगळ्या बदामाच्या दश्श्या, असून त्या इतर पत्त्यांहून केसभर आखूड कापलेल्या असतात. एकाआड एक लावलेला हा कॅट तोंडाकडून बोटांनी सरसर सोडला की प्रत्येक आखूड पत्ता शेजारच्या लांब पत्त्याच्या आडोशाने निसटतो आणि पाहणाऱ्याला निरनिराळे पत्तेच दिसतात. मात्र प्रेक्षकाने ‘थांबा’ म्हणताच हाती येते ती दश्शीच. स्वेंगाली या नावाने अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून विकली जात असलेली ही युक्ती कल्पनेच्या दृष्टीने अत्यंत सुंदर आहे, आणि तिच्या जनकाविषयी मला आदरच वाटतो. तथापि ज्याला ही विद्या शिकावयाची आहे त्याच्या हातांना तिच्यापासून काडीचेही शिक्षण मिळत नाही. शिवाय प्रेक्षकाने ‘जरा कॅट दाखवा पाहू’ म्हटले की जादूगाराला विषय बदलावा लागतो. ज्या कॅटाची झडती देता येत नाही त्याच्यावर पाया घालू नये.

आता घरच्या कॅटाकडे वळू. चिरंजिवांनी त्यातला एक जोकर घेऊन तो मधोमध फाडून पाहावा. पत्ता कागदी असेल तर फाटलेल्या कडेला पांढरे तंतू दिसतील, आणि बनावट उत्तम असेल तर त्या पांढऱ्या तंतूंच्या मधोमध एक काळसर रेघ दिसेल. ती रेघ म्हणजे दोन ताव एकमेकांस चिकटवताना वापरलेल्या अपारदर्शक खळीचा थर होय. दिव्यासमोर धरला तरी पत्त्याचे तोंड पाठीकडून ओळखू येऊ नये, एवढ्यासाठी त्याची योजना असते. जोकर फाटण्याऐवजी नुसताच ताणला गेला आणि ओढल्या जागी पांढरा पडला, तर तो कॅट प्लॅस्टिकचा. रमीच्या मंडळींना प्लॅस्टिक प्रिय असते व त्यांचे बरोबरही आहे, कारण चहा सांडला तरी ओल्या फडक्याने पुसून डाव पुढे चालतो. परंतु जादूच्या कामाला हेच पत्ते नाठाळ ठरतात. कागदी पत्त्याला बोटांनी किंचित बाक दिला तर तो बाक थोडा वेळ टिकतो, आणि हातचलाखीच्या निम्म्या क्रिया या अल्पजीवी बाकावरच उभ्या आहेत. प्लॅस्टिकचा पत्ता तत्क्षणी उसळून सरळ होतो, घामट बोटांना चिकटतो, आणि दोन पत्ते एकजीव धरू गेले तर एकमेकांवरून निसटतो.

पुंजक्यांचे कारण मात्र निराळे आहे. चांगल्या कागदी पत्त्याचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात न्याहाळला तर त्यावर अतिसूक्ष्म खळग्यांची जाळी दिसते. ती छपाईच्या वेळी मुद्दाम उठवलेली असते. दोन पत्ते एकमेकांवर आले की त्या खळग्यांत हवा कोंडते आणि पत्ते जणू हवेच्या पातळ थरावरून सरकतात. ही जाळी मुळातच नसली, किंवा तळहाताच्या मळाने व शेंगदाण्याच्या तेलाने भरून गेली, की पत्त्याला पत्ता चिकटतो आणि पंख्याऐवजी पुंजके होतात. तेव्हा त्या माउलींना माझे सांगणे असे की, चिरंजिवांच्या हाताला तूर्त दोष देऊ नये. आजवर ते ज्या पत्त्यांशी झटत आले त्या पत्त्यांवर मुरलेल्या जादूगारालाही घाम फुटला असता.

मग कोणता घ्यावा? माझे उत्तर ठरलेले आहे : साधा, कागदी, पांढऱ्या किनारीचा, आणि पाहणाऱ्याला ज्याच्याविषयी कुतूहलच वाटणार नाही असा. हल्ली सोनेरी कडांचे, काळ्या तोंडांचे, कवट्या आणि सर्प चितारलेले कॅट मिळतात. चित्रकलेचे नमुने म्हणून ते संग्रही ठेवावेत, पण त्यांवर प्रयोग करू नयेत. असला कॅट खिशातून निघताक्षणी प्रेक्षकाच्या मनात संशयाची नोंद होते, आणि पुढे आपण कितीही निर्मळ हाताने काम केले तरी त्याचे श्रेय तो त्या विचित्र कॅटाला देतो. उलट ज्या जातीचे पत्ते त्याने स्वतः मेंढीकोटाला पिसले आहेत त्यांच्यावर झालेला चमत्कार त्याला छळतो, कारण त्याला दोष द्यायला जागा उरत नाही.

पांढऱ्या किनारीचा आग्रह केवळ सौंदर्यदृष्टीने नाही. पालथ्या कॅटात एक पत्ता उताणा लपवून ठेवावा लागतो, असे प्रयोग पुढे पुष्कळ येणार आहेत. कॅट हातात थोडासा सैल झाला तर प्रत्येक पत्त्याची जेमतेम सुताएवढी कड बाहेर डोकावते. पाठीला पांढरी किनार असली म्हणजे ती कड पांढरी, आणि उताण्या पत्त्याच्या तोंडाची कडही पांढरीच, त्यामुळे हा बंडखोर पत्ता चारचौघांत मिसळून जातो. ज्या कॅटाची नक्षी थेट काठापर्यंत पोचते, त्यात तोच पत्ता दुरूनही पांढऱ्या चिरेसारखा चमकतो. अमेरिकेतील ‘बी’ छापाचा चौकटीचौकटींच्या नक्षीचा कॅट या बिनकिनारी जातीचा असून जुगारी हातचलाखीत त्याला मान होता तो नेमक्या उलट कारणासाठी : वरचा पत्ता राखून त्याखालचा पत्ता वाटण्याची जी लबाडी आहे, तिच्यातील हालचाल किनार नसली म्हणजे डोळ्यांत भरत नाही. नवशिक्याने मात्र किनार सोडू नये.

जगभरच्या जादूगारांच्या हाती जो कॅट सर्वाधिक दिसतो तो ‘बायसिकल’. सिनसिनाटी शहरात १८८५ साली हा छाप निघाला, आणि सायकलस्वार पंखधारी आकृतींची त्याची प्रसिद्ध पाठ १८८७ पासून चालत आली आहे. कारखाना २००९ साली केंटकी राज्यातील अर्लँगरला हलला आणि २०१९ मध्ये बेल्जियमच्या कार्टामुंडी कंपनीने तो विकत घेतला, पण पाठ तीच राहिली. आपल्याकडे तो महाग पडतो. ऐपत असेल त्याने लाल पाठीचा एक आणि निळ्या पाठीचा एक घ्यावा. नसेल त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातील कागदी कॅट वर सांगितलेल्या कसोट्या लावून घ्यावा व बिनदिक्कत कामाला लागावे. मापाविषयी एवढेच की रुंद पत्ता ६३ मिलिमीटर आणि अरुंद ५७ मिलिमीटर, लांबी दोहोंची ८८. लहान हाताच्या मुलामुलींनी अरुंद घेतला तरी काही बिघडत नाही, पण एकदा एक माप धरले की ते बदलू नये.

कडेचा प्रकार मात्र असा आहे की त्यावर मी एक संपूर्ण लेखांक आनंदाने खर्ची घालीन. मोठ्या तावातून पत्ते कापले जातात तेव्हा पाते एकाच अंगाने आत शिरते, आणि त्यामुळे प्रत्येक पत्त्याच्या कडेला डोळ्यांना न दिसणारा उतार येतो. नव्या कॅटाच्या लांब कडेवरून बोटाचे टोक आधी तोंडाकडून पाठीकडे व मग पाठीकडून तोंडाकडे फिरवावे : एकीकडून रेशीम, दुसरीकडून खरखर. सामान्य पिसण्यात याने काहीच फरक पडत नाही. परंतु कॅटाचे बरोबर २६-२६ असे दोन भाग करून एकाआड एक पत्ता गुंफण्याचे जे अवघड विणकाम आहे, त्यात कॅट पालथा धरला असता अडणारे पत्ते पुष्कळदा उताणे धरताच आपणहून एकमेकांत शिरतात, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो महिनोन्‌महिने आपल्या बोटांना कोसत बसतो. या विणकामाचे गणित विलक्षण आहे. वरचा पत्ता वरच व तळचा तळीच राहील अशा बेताने ते निर्दोष आठ वेळा केले की ५२ पत्ते मूळ क्रमाने परत येतात. वरचा पत्ता दुसरा होईल अशा बेताने केले तर त्यासाठी ५२ वेळा करावे लागते. याउलट नेहमीचे, हातून थोडे कमीजास्त होणारे पिसणे साधारण सात वेळा केले म्हणजे कॅट पुरेसा मिसळतो, असे डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिले. हे डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या थोर जादूगाराबरोबर गावोगाव हिंडले होते, हे मला नेहमी आठवते. त्यांच्या गणिताला पत्त्यांचा वास आहे.

पत्राच्या शेवटी चिरंजिवांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली आहे : सगळे एक्के साधे, मग इस्पिकच्या एक्क्यालाच एवढा थाट का? याचे मूळ इंग्लंडच्या महसूलखात्यात आहे. १७११ साली राणी ॲनच्या अमदानीत तेथे पत्त्यांवर कर बसला, आणि कर भरल्याची खूण म्हणून पुढे इस्पिकच्या एक्क्याची नेमणूक झाली. १७६५ पासून तर हा एक्का सरकारच्या मुद्रांक कचेरीतच छापला जाई व कारखानदाराने कर भरून तो तेथून न्यावा असा शिरस्ता पडला. नक्कल होऊ नये म्हणून त्यावर वेलबुट्टी वाढत गेली. रिचर्ड हार्डिंग नावाच्या इसमाला असले खोटे एक्के केल्याच्या गुन्ह्यावरून १८०५ साली फाशी देण्यात आली, इतका तो कायदा कडक होता. १८६२ मध्ये कारखानदारांना आपापला एक्का छापण्याची मुभा मिळाली, कर १९६० साली साफ उठला, पण थाट कायम राहिला, आणि इंग्रजी नमुन्याबरोबर तो आपल्या कॅटातही आला.

या थाटाचा आपल्या विद्येशी थेट संबंध आहे. मनात कोणताही पत्ता धरा असे म्हटले असता लोक इस्पिकचा एक्का आणि बदामाची राणी हेच सर्वांत अधिक वेळा सांगतात, असे कॅनडातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळले. म्हणून जो पत्ता आपण प्रेक्षकाच्या गळी उतरवणार तो हा एक्का कधीही नसावा. ‘हा तर कुणीही म्हणाला असता’ असे त्याच्या मनात आले की प्रयोग मेला. किलवरची सत्ती किंवा चौकटची नव्वी घ्यावी, जिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या वाचकांनी, कॅट उघडा ठेवू नये. कागद दमट हवा पितो, पत्ते फुगतात आणि चारी कोपरे वर उचलतात; घट्ट झाकणाच्या डब्यात, वर एखादे जड पुस्तक ठेवून निजवले की बहुतेक वेळा ताळ्यावर येतात. नव्या कॅटाचे पत्ते प्रथम चार-चार, पाच-पाच करून दोन्ही अंगांनी हलकेच वाकवून घ्यावेत, आणि त्यातील जोकर व जाहिरातीचा पत्ता फेकू नये. पुढील लेखांकाला येताना असा कॅट, वेगळा काढलेला जाहिरातीचा पत्ता, आणि किलवरची सत्ती वरून दुसरी लावून ठेवलेली, एवढी तयारी असावी.