हिमभूमीचा नाद

रेफ व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराने ‘स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक’ या १९४८ सालच्या बोलपटाला संगीत दिले, तेव्हा दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली प्राणास मुकलेल्या कॅप्टन स्कॉट व त्यांच्या चार सहकाऱ्यांच्या मोहिमेने, आणि त्याहूनही अधिक त्या निष्करुण हिमप्रदेशाने, त्यांच्या चित्तावर असा अंमल बसवला की त्याच सामग्रीतून पुढे त्यांची सातवी सिंफनी, ‘सिन्फोनिया अंटार्टिका’, सिद्ध झाली. १४ जानेवारी १९५३ रोजी मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदाने जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली ती प्रथम सादर केली.

बोलपटाच्या संगीताची ही नुसती गोळाबेरीज होय, असा आक्षेप काहींनी घेतला. मला तो मुळीच मंजूर नाही. पाच भागांतील मधला, ‘निसर्गदृश्य’ या अर्थाच्या नावाचा भाग लक्षपूर्वक ऐकावा: हिमनदीसारखी संथ, जड पावलांनी सरकणारी स्वरांची रांग वाढत वाढत जाते आणि अकस्मात ऑर्गनचा प्रचंड घोष, पुढे वाटच न उरलेल्या बर्फाच्या कड्यासारखा, श्रोत्यासमोर उभा ठाकतो.

वाऱ्यासाठी तर एक खास यंत्र योजले आहे: दांड्याने फिरवायच्या, लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर जाड कापड ताणलेले असते, आणि वेग वाढेल तसा घर्षणाचा सुस्कारा चढत जातो. अखेरीस सारा वाद्यमेळ निवतो. उरतो तो केवळ स्त्रियांचा शब्दहीन आलाप व तोच वारा, आणि तेही हळूहळू निःशब्दतेत विरून जातात.