माल्कमसाहेब कोणाचे प्रतिनिधी?

धार-देवासच्या इतिहासात सर जॉन माल्कम हे नाव टाळता येत नाही. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि त्यानंतर माळव्याची घडी बसवण्याचं काम मुख्यतः याच माणसाकडे आलं. १२ डिसेंबर १८१८ ला देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीशी कंपनीचा तह झाला, १० जानेवारी १८१९ ला धारच्या पवारांशी. दुसरा बाजीराव शरण आला तोही माल्कमलाच. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्याच नावाची.

इथपर्यंत आपण वाचलेलं असतं. पण १८३१ साली हाच माल्कम ब्रिटिश पार्लमेंटमध्ये खासदार झाला, हे फारसं कोणी सांगत नाही. त्याचा मतदारसंघ होता कॉर्नवॉलमधलं लॉन्सेस्टन नावाचं छोटं गाव.

आता हा माल्कम मूळचा स्कॉटलंडचा, उमेद गेली हिंदुस्थान आणि इराणमध्ये. मग लॉन्सेस्टननं त्याला निवडलं कसं?

त्यासाठी इंग्लंडमधले 'बरो' समजून घ्यायला हवेत. ज्या गावांना पूर्वापार खासदार पाठवायचा हक्क होता, ते बरो. शतकं उलटली, वस्ती इकडची तिकडे गेली, पण यादी तीच राहिली. एकट्या कॉर्नवॉलचे ४० हून अधिक खासदार, आणि गिरण्यांच्या मँचेस्टरचा एकही नाही! ओल्ड सेरममध्ये तर वस्तीच उरली नव्हती. पण ती जागा टॉमस पिटनं हिंदुस्थानच्या व्यापारात कमावलेल्या पैशातून विकत घेतली आणि तिच्यासोबत खासदारकीही घराण्यात आली. लॉन्सेस्टनमध्ये मतदार अगदी मोजके, आणि ते ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंडच्या शब्दाबाहेर नसत. ड्यूक म्हणेल तो खासदार.

माल्कम निवडून आला तेव्हा नेमकी हीच पद्धत मोडणाऱ्या सुधारणा विधेयकावर वाद पेटला होता. माल्कमनं विधेयकाला विरोध केला. त्याच्यासारख्या कंपनीवाल्यांचा मुद्दा असा, की आमचं आयुष्य परदेशात गेलं, मोठ्या शहरांत आम्हाला कोण ओळखतं? हे छोटे बरो गेले, तर हिंदुस्थानची माहिती असलेला माणूस पार्लमेंटमध्ये येणार कुठून? त्याच वर्षी जोसेफ ह्यूम या खासदारानं हिंदुस्थानसाठी वेगळ्या ४ जागांची सूचना मांडली. तीही फेटाळली गेली. १८३२ मध्ये कायदा झाला, लॉन्सेस्टनच्या दोन जागांपैकी एक गेली आणि माल्कमची खासदारकीही संपली. १८३३ मध्ये तो वारला.

माल्कमचा मुद्दा अगदीच पोकळ होता असं नाही. माळव्यावर त्यानं दोन खंडांचा ग्रंथ लिहिला होता. अहिल्याबाईंच्या कारभाराची त्यात मनापासून तारीफ आहे. त्या सभागृहात माळवा त्याच्याइतका क्वचितच कोणाला कळत असेल. पण जाणकार असणं वेगळं आणि प्रतिनिधी असणं वेगळं. धारच्या शेतकऱ्याला त्याला जाब विचारता येत नव्हता, आणि लॉन्सेस्टनच्या शिंप्या-सुतारालाही नाही. जाब विचारू शकणारा एकच, तो ड्यूक.

१८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अगदी थोड्या मतांनी निवडून आले. ते हिंदुस्थानसाठी बोलले, पण मत हिंदुस्थानचं नव्हतंच. धार आणि देवास १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत इथल्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला लोकसभेसाठी मत मिळालं. तहानंतर १३० हून अधिक वर्षांनी!

आपल्यापैकी अनेक जण लवकरच पहिल्यांदा मत देतील. उमेदवार किती हुशार, किती अनुभवी, हे बघायलाच हवं. पण सोबत हेही विचारू या, की याला घरी बसवायची ताकद नक्की कोणाच्या हातात आहे: आपल्या, की कुठल्या ड्यूकच्या?