कौशल्याचा तास वेगळा नको
पदवी ते पगार : लेखांक ५

मागच्या लेखात आपण नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात आलेल्या कार्यप्रशिक्षणाचे, म्हणजे ‘ओजेटी’चे, स्वरूप पाहिले. त्याला ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. पदवीच्या उरलेल्या तासांचे काय, हा आजचा प्रश्न. नोकरीला लागणारी कौशल्ये म्हणजे पुरवणी, अशीच बहुतेक महाविद्यालयांची समजूत दिसते. मुख्य विषय नेहमीसारखा शिकवायचा आणि शेवटच्या वर्षी व्यक्तिमत्त्व विकासाचे व्याख्यान, मुलाखतीची तयारी, एखादा संगणक वर्ग त्याला जोडून द्यायचा. माझ्या मते कौशल्य मूळ विषयातच असते. परीक्षा ते मागत नाही, म्हणून विद्यार्थी ते कमावत नाही.

वाणिज्य शाखेतले बँक जुळवणी पत्रक घ्या. रोकडवहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक यांत फरक का पडला, हे शोधण्याची ही रीत. परीक्षेतल्या उदाहरणात फरकाची सगळी कारणे ओळीने छापलेली असतात : अमुक धनादेश वटला नाही, तमुक बँक आकार नोंदवायचा राहिला. विद्यार्थ्याने फक्त अधिक-उणे करायचे. पतसंस्थेत किंवा करसल्लागाराच्या कार्यालयात ही कारणे कोणी हातात आणून देत नाही. समोर दोन महिन्यांचा खातेउतारा असतो. त्यात कोणाची ते न कळणारी एक यूपीआय जमा, चुकून दोनदा नोंदलेली एक रक्कम आणि न वटलेला जुना धनादेश. घोळ कुठे आहे ते हुडकायचे, कोणाला विचारायचे ते ठरवायचे, सापडलेले दोन ओळींत लिहून ठेवायचे. कामाचा माणूस कोण ते इथे कळते. हे शिकवायला नवा विषय नको. प्रश्नपत्रिकेत तयार कारणांऐवजी कच्चा उतारा द्यायला सुरुवात केली, तरी वर्गातले शिकवणे बदलू लागेल.

कला शाखेत कौशल्य कुठले, असे विचारणाऱ्यांसाठी अलीकडचेच उदाहरण आहे. सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदींच्या प्रश्नासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या दप्तरांतल्या कितीतरी नोंदी मोडी लिपीत होत्या, आणि वाचणारे मोजके. ठिकठिकाणी मोडी वाचकांची शोधाशोध झाली. महाराष्ट्रात इतिहासाचे पदवीधर काही कमी नाहीत. पण मोडीचा एकही कागद न वाचता मराठ्यांच्या इतिहासाचा पेपर उत्तम गुणांनी सोडवता येतो. अस्सल कागद वाचून त्याचा अर्थ लावणे ही त्या विषयाची मूळ विद्या. तीच ऐन वेळी कामाला आली असती.

यावर पहिला आक्षेप असा, की विद्यापीठ ज्ञानासाठी असते, कारकून घडवण्यासाठी नव्हे. तो मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी विषय पातळ करा असे म्हणत नाही. कच्च्या उताऱ्याशी झटणाऱ्याला हिशेबाचे तत्त्व अधिकच कळते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार : नोकऱ्याच नसतील तर कौशल्य घेऊन काय करायचे? केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२२-२३मध्ये १५ वर्षांवरील पदवीधरांत बेरोजगारीचा दर १३.४ टक्के होता. सर्वांचा मिळून ३.२ टक्के. या तफावतीचा सगळा दोष कौशल्याच्या अभावाला देता येणार नाही. मनाजोगत्या नोकरीची वाट पाहणारे, स्पर्धा परीक्षांत वर्षे घालवणारेही त्यात आहेत. चांगले शिकवल्याने जागा निर्माण होत नाहीत, हे खरेच. पण १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही दार उघडले. त्या दारातून आत गेल्यावर ‘तुम्हाला काय येते?’ हे विचारले जातेच. उत्तर नसेल, तर वाट्याला फायली लावण्याचेच काम येते.

उरतो प्राध्यापकांचा आक्षेप. रिक्त जागा, भरलेले वर्ग आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांत हे कोणी करायचे? ही अडचण खरी आहे. म्हणून सारा अभ्यासक्रम एका दमात बदलायला नको. प्रत्येक अभ्यास मंडळाने अंतर्गत गुणांतला एकच प्रश्न असा ठेवावा, ज्याचे उत्तर गाइडमध्ये सापडणार नाही. वाचकांनीही घरातल्या पदवीच्या विद्यार्थ्याची मागच्या सत्राची प्रश्नपत्रिका मागून घ्यावी आणि त्यातले किती प्रश्न निव्वळ पाठांतरावर सुटतात, ते मोजावे.

(पुढील लेखात : शिकाऊ उमेदवारी आणि विद्यावेतन)